बाहेर पडायचं दार



मागच्या पौषात सासूबाईंना घेऊन एका क्षेत्रावर दर्शनाला गेले होते. क्षेत्राचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मनाने फार चांगली आहेत, आणि जे झालं त्यात माझाही वाटा होता. जालन्याहून सकाळीच निघालो होतो, पण वाटेत गाडीचं टायर पंक्चर झालं, मग दुसरंही नरम निघालं. धर्मशाळेत खोली मिळेपर्यंत पाच वाजून गेले. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे गेलेले, साखरेची गोळी चालू. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा नियम त्यांनी सासरे गेले त्या वर्षी घेतला आणि आजवर कधी मोडला नाही. पौषातला दिवस तो केवढा! सहा वाजायच्या आत सूर्य मावळणार होता.

भोजनशाळा मंदिराच्या मागे. मी फोनवरचा नकाशा उघडला. त्याने सांगितलं, चालत चार मिनिटं. धर्मशाळेच्या भिंतीला लागून एक बोळ, मग वीस-बावीस पायऱ्या खाली, की समोर भोजनशाळा. मी सासूबाईंचा हात धरला आणि निघाले. पायऱ्या उतरायलाच आम्हाला दहा मिनिटं लागली. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुन्हा पहिला. ज्यांच्या घरी गुडघ्याचं माणूस आहे त्यांना हे उतरणं वेगळं सांगायला नको.

खाली पोचलो तर लोखंडी फिरकीचं गेट. माणसाच्या उंचीचं, एका वेळी एकच माणूस जाईल असं. मी ढकललं, हललं नाही. ते फक्त आतून बाहेर फिरत होतं. गजांतून आतली पंगत दिसत होती, वरणाची फोडणी नाकाला लागत होती. आतला वाढपी मुलगा म्हणाला, "आजी, हे फक्त बाहेर पडायचं आहे. समोरच्या मोठ्या दाराने या." त्याच्याकडे किल्ली नव्हती. ज्याच्याकडे होती तो आरतीला गेला होता.

त्याच पायऱ्या पुन्हा चढलो. बोळातून परत, धर्मशाळेला वळसा, मंदिराच्या पुढून. पोचलो तेव्हा पश्चिमेकडे नुसता उजेड उरला होता. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी हात जोडले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, आज तेवढं तप घडलं."

रात्री दोनच्या सुमारास त्यांना घाम फुटला. मी साखरेची पुडी हातात धरून त्यांच्या पलंगाशी बसले होते. त्या डोळे मिटून णमोकार म्हणत होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. बघितलं असतं तर मी आग्रह केला असता, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावर दूध घेतलं तेव्हा मी श्वास सोडला. जालन्याला आल्यावर डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं, आणि बरोबरच सुनावलं.

आता तुम्ही म्हणाल, यात नकाशावर लिहिण्यासारखं काय आहे? मलाही आधी तसंच वाटलं. पहिला राग व्यवस्थापनावर, दुसरा फोनवर, तिसरा स्वतःवर, की कुणाला विचारलं का नाही. पण राग उतरल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. नकाशात वाट होती आणि जमिनीवरही वाट होती. खोटं काहीच नव्हतं. फक्त ती वाट एकाच बाजूने चालायची होती, आणि तेवढंच नकाशाला माहीत नव्हतं.

मुलगा पुण्याला शिकतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, रागवण्यापेक्षा तूच काढ ना नकाशा." मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने ओपनस्ट्रीटमॅप दाखवलं. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसाने हे सुरू केलं. विकिपीडियात जसं कुणीही लिहू शकतं, तसं इथे कुणीही रस्ता, विहीर, शाळा, मंदिर काढू शकतं. खातं फुकट उघडतं. कितीतरी ॲप हाच नकाशा उचलून वापरतात. गूगलचंही असंच एक, मॅप मेकर नावाचं, होतं. आपल्याकडे पुष्कळ लोकांनी हौसेने त्यात गल्ल्या भरल्या. ते २०१७ साली बंद झालं. ओपनस्ट्रीटमॅप कुणा एका कंपनीचं नाही, म्हणून मला त्यात दुपारी तासभर घालवावासा वाटला.

आपल्या क्षेत्रापुरतं तिथे बघितलं तर मंदिराचा एक ठिपका आणि गाडीरस्ता, एवढंच. बोळ नाही, पायऱ्या नाहीत, दार नाही. म्हणजे मला कोऱ्या पाटीवर काढायचं होतं. आणि इथेच माझं आणि मुलाचं पहिलं भांडण झालं.

नकाशात प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ, आणि त्या रेघेला माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. त्यांना टॅग म्हणतात. मुलगा म्हणाला, "वनवेची चिठ्ठी लाव, विषय संपला." मी लावली. दोन-चार दिवसांनी कुणा अनोळखी नकाशेवाल्याचा निरोप आला, फार सौजन्याने लिहिलेला. त्याचं म्हणणं असं की 'वनवे' ही चिठ्ठी मुळात वाहनांसाठी आहे. पायी जाणाऱ्याला ती लागू होत नाही.

आणि खरंच की! आपल्या सदर बाजारातला एखादा रस्ता वाहनांना एकेरी केला, तर भाजीची पिशवी घेऊन उलट्या दिशेने येणाऱ्या बाईला कुणी पोलीस शिट्टी मारतो का? वनवे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्कूटर येते, पाय येत नाहीत. म्हणून नकाशातही तसंच धरलंय. मग जी वाट मुळातच पायवाट आहे, जिच्यावर गाडी जाऊच शकत नाही, तिला नुसतं वनवे लिहिलं तर ते कुणासाठी? सायकलसाठी? चालणाऱ्यासाठी? वाचणाऱ्याने काय समजावं? एक ॲप एक समजेल, दुसरं दुसरं. त्यावर उपाय आहे. 'वनवे'च्या पुढे 'फूट' जोडायचं, म्हणजे स्पष्ट झालं की ही बंदी पायांना आहे. रेघ ज्या दिशेने काढली ती परवानगीची दिशा. मी बोळाकडून भोजनशाळेकडे काढली होती, म्हणजे उलटी! ती पालटली. गेट वेगळं दाखवलं, त्याचा फिरकीचा प्रकार लिहिला. दाराला 'फक्त बाहेर' अशीही एक चिठ्ठी असते, ती लावली.

एवढ्याशा 'फूट'साठी कुणी अनोळखी माणूस वेळ काढून निरोप लिहितो, याचं मला आधी हसू आलं. मग ती रात्र आठवली आणि हसू गेलं.

पायांची दिशा आणि गाड्यांची दिशा वेगळी लिहावी, हे म्हणणं आणखी एका कारणाने मला पटलं, आणि ते कारण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. विहार. जालन्याहून बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता घ्या. मधे दुभाजक. नकाशात असे रस्ते दोन रेघांनी काढतात, एक जायची, एक यायची, दोन्ही वनवे. महाराज किंवा माताजी पहाटे विहाराला निघतात तेव्हा उजेड नीट फुटलेला नसतो. रस्ता सुरक्षेचं साधं शिक्षण असं की जिथे पदपथ नाही तिथे चालणाऱ्याने समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावं. पाठीमागून गाडी येणं हाच खरा धोका. विहारातल्या अपघातांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि दरवेळी ताट बाजूला सारतो. आता एखाद्या ॲपने गाड्यांचं वनवे पायांनाही लावलं, तर ते विहार सेवेतल्या पोराला सांगेल की या बाजूने चालता येत नाही, पलीकडे जा. पलीकडे म्हणजे गाड्यांकडे पाठ करून. ईर्यासमिती पाळणारा जीव चार हात जमीन बघून पाऊल टाकतो. त्याला मागचं दिसावं अशी अपेक्षा कशी करणार? म्हणून गाडीचं बंधन गाडीपाशी आणि पायांचं पायांपाशी. दोन्हींची खिचडी झाली की एकीकडे सासूबाई उपाशी राहतात आणि दुसरीकडे माताजी चुकीच्या कडेला जातात. (समृद्धी महामार्गाचा प्रश्नच नाही, तिथे पायी जायला कोणत्याच दिशेने परवानगी नाही. दुचाकीलाही नाही.)

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला पायी कचनेरला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. रस्त्याची कुठली कडा धरायची हे त्या एकमेकींना सांगतात, नकाशाला विचारत नाहीत. पण पुढच्या पिढीतल्या मुली नकाशालाच विचारणार आहेत.

यानंतरचं भांडण मैत्रिणीशी झालं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिला मी उत्साहाने हे सगळं दाखवलं. ती म्हणाली, "मग आपल्या मंदिरजीतली भमतीही एकेरी दाखव ना. प्रदक्षिणा कुणी उलटी घालतं का?"

आधी मला वाटलं, बरोबर आहे. जगात चालणाऱ्यासाठी एकाच दिशेची वाट जर कुठे पक्की असेल तर ती प्रदक्षिणेची. देव उजव्या हाताला. दर्शन, ज्ञान, चारित्र्य म्हणून तीन फेऱ्या. लहान मूलही उलटं निघालं तर आजी त्याला दंडाला धरून वळवते. वेदीभोवतीची ती वाट मी बोटाने काढलीसुद्धा, बाण घातला, आणि मग थांबले.

आमच्या मंदिरजीत वेदीच्या उजव्या अंगाला एक लहान दार आहे. तिथून चार पावलांवर स्वाध्यायाची खोली. गुडघेवाल्या आजी पूजा झाली की त्याच चार पावलांनी स्वाध्यायाला जातात. ते प्रदक्षिणेच्या उलट दिशेला आहे, पण त्या प्रदक्षिणा घालत नसतात, खोलीत जात असतात. मी बाण घातला असता तर नकाशाने त्यांना पूर्ण वेदीला वळसा घालून पाठवलं असतं. आणि समजा धूपदाणीची ठिणगी पडद्याला लागली, तेव्हा? ज्या दाराने लवकर बाहेर पडता येईल तिकडेच पळायचं. त्या क्षणी कुणी देव डाव्या हाताला आला म्हणून थांबणार नाही आणि थांबूही नये.

मी बाण काढून टाकला. मैत्रीण रागावली. ती म्हणाली, "म्हणजे लोखंडाच्या गेटाला मान आणि आपल्या परंपरेला नाही?" तिचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण अजूनही माझं मत तेच आहे. गेट अडवतं. पहारेकरी अडवतो. त्या अडवण्याची माहिती आधी मिळाली तर माणसाचे पाय वाचतात. प्रदक्षिणेची दिशा कुणी अडवल्यामुळे पाळली जात नाही. ती आपण पाळतो. ज्याला माहीत नाही त्याला शिकवायचं, ते माणसाने माणसाला. नकाशाने तिथे 'बंद' लिहिलं तर ते खरंही नाही आणि आपल्या श्रद्धेला शोभणारंही नाही. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. चौक्याच्या दिवशी सोवळं नेसून न्हाणीतून चौक्यात शिरलं की आहार होईपर्यंत त्या दाराने बाहेर नाही. घरातली प्रत्येक बाई ते पाळते. म्हणून तिथे एका बाजूने फिरणारं गेट बसवायचं का?

सत्य अणुव्रताचे अतिचार आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. त्यात मिथ्योपदेश आहे, कूटलेखक्रिया आहे. चुकीचा मार्ग सांगणं आणि खोटं लिहिणं. व्यापाऱ्याच्या वहीपुरतंच ते आहे असं आपण समजत आलो. पण नकाशात वाट उघडी नसताना उघडी लिहिणं आणि उघडी असताना बंद लिहिणं, ही दोन्ही कूटलेखनंच म्हणायची. मी जाणकार नाही. पंडितजींनी चूक म्हटलं तर मान्य करीन. तोवर मी असंच धरून चालले आहे.

याच्या दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगते. श्रवणबेळगोळला ज्या गेल्या असतील त्यांना आठवेल. विंध्यगिरीवर चढायच्या पायऱ्या वेगळ्या आणि उतरायच्या वेगळ्या. कातळात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या, पायात चप्पल नाही. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला किती लोक आले ते आपण पाहिलं. दर बारा वर्षांनी तो लोंढा येतो. चढणारे आणि उतरणारे एकाच दगडी जिन्यावर समोरासमोर आले तर काय होईल याची कल्पना करा. तिथे वाट वेगळी करणं म्हणजे जीवदया. वर बाहुबली भगवंतांच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, चामुंडरायाचं नाव असलेला. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो वाचायला वाकताना मागून ढकलाढकली नसते, त्याचं थोडं श्रेय त्या दोन वेगळ्या जिन्यांना द्यायला हवं. अशा जिन्यांना मी न कचरता पायांचं वनवे लिहीन. दिशा कायमची आहे, दगडात आहे, आणि ती मोडणाऱ्याला खरंच इजा होऊ शकते.

आपल्या राज्याने याची किंमत मोजलेली आहे. २५ जानेवारी २००५, वाईजवळचं मांढरदेवी. डोंगराची अरुंद वाट, कडेला दुकानं, गर्दी. जवळपास ३०० माणसं गेली, त्यात बायका-मुलं किती. २९ सप्टेंबर २०१७, मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन. पाऊस आला म्हणून लोक पुलाच्या जिन्यावर थांबले, मागून गाड्यांमधले उतरणारे येत राहिले, आणि २३ जण गेले. तिथे कुणाला नकाशा वाचवू शकला असता असं मी म्हणत नाही, तो पूल रुंद हवा होता. पण पायी चालणाऱ्यांच्या दिशेचा विचार हा रिकामटेकडा उद्योग आहे असं जे म्हणतात (आमच्या घरातही एक आहेत, पेपर वाचता वाचता म्हणतात), त्यांनी या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

मग मोठ्या गर्दीच्या दिवसांचं काय? आपल्याच जिल्ह्यात अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर माणसं पायी जातात. गल्लीतली पोरं जातात, त्यांना आपल्या दारातून पाणी द्यायला मीही उभी राहते. त्या दिवशी वाहनांचे रस्ते वळवतात, दर्शनाच्या रांगेला बांबू लागतात, आत जायचं इकडून आणि बाहेर पडायचं तिकडून. आपल्याकडेही पंचकल्याणकाला मंडपाची दारं अशीच ठरवतात. हे नकाशात घालायचं का? मुलगा म्हणाला नाही, आणि या वेळी मी त्याच्याशी भांडले नाही. बांबू तिसऱ्या दिवशी सुटतो. नकाशातली चिठ्ठी मात्र कुणी काढेपर्यंत तशीच राहते, आणि काढायला कुणी येत नाही. मग पुढच्या वर्षी एखाद्या सुनेला तिच्या सासूला घेऊन उगाच वळसा पडतो, उघड्या वाटेपाशी. तात्पुरतं ते पत्रिकेत छापावं, भोंग्यावर सांगावं. आत आणि बाहेर या दोनच शब्दांच्या मोठ्या पाट्या लावाव्यात, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतील अशा अक्षरात.

जे रोजचं आहे पण वेळेवर अवलंबून आहे, तिथे अडचण आहे. एखादं दार सकाळी अभिषेकाच्या वेळी दोन्हीकडून उघडं आणि दुपारनंतर फक्त बाहेर जायला. नकाशात वेळही लिहिता येते, पण ते लिहिणं किचकट आहे आणि सगळी ॲप ते वाचतातच असं नाही. अशा दाराला मी अजून हात लावलेला नाही. अर्धवट लिहिण्यापेक्षा आपल्या तिथल्या ओळखीच्या बाईचा फोन नंबर डायरीत असलेला बरा. आणि हो, माताजींच्या निवासाची मागची दारं, मुलींच्या वसतिगृहाची दारं, ही नकाशात घालूच नका. ते कुणाला कळायची गरज नाही.

"एवढं करण्यापेक्षा तिथे कुणालाही विचारलं असतं तर?" असं आमच्या मंडळात एकीने विचारलं. विचारायलाच हवं होतं. ती माझी चूक मी वर कबूल केलीच आहे. पण विचारणं हे पोचल्यावर होतं. घरून निघताना ठरवायच्या गोष्टी असतात. चाकाची खुर्ची घ्यायची का, डोलीवाला सांगायचा का, किती वाजता निघायचं, वाटेत जेवण उरकायचं का. सम्मेद शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची आहे, नऊ चढ, नऊ टोंकांमधून, नऊ उतार. तिथे अर्ध्या डोंगरावर जाऊन कुणाला काय विचारणार? आपल्या घरी हे सगळं आपणच ठरवतो. पुरुष गाडी चालवतात. गाडी थांबल्यापासून पुढची पावलं कुणाची, कुठल्या पायरीला कठडा आहे, कुठलं दार ढकलावं लागतं, बाथरूम चढायच्या आधी लागतं की नंतर, हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच वाटतं की गाड्यांचे रस्ते काढणारे पुष्कळ आहेत, ही शेवटची शंभर पावलं मात्र आपणच लिहिली तर लिहिली जातील. दिग्व्रत घेतलेल्या आपल्या आज्या दाही दिशांची मर्यादा तोंडपाठ ठेवत होत्या, आणि मर्यादा विसरणं हासुद्धा त्या व्रताचा अतिचार धरतात. दिशा लक्षात ठेवणं आपल्याला नवीन नाही.

मी काही रोज नकाशा काढत बसत नाही. आत्तापर्यंत तीन ठिकाणं केली. आमचं मंदिरजी, कुंडलिकेपलीकडे जुन्या जालन्यात माहेराच्या गल्लीतला एक बोळ, आणि ते क्षेत्र. माहेरचा बोळ दोन्हीकडून उघडा आहे, तिथे फक्त तीन पायऱ्या दाखवल्या. बाळाची गाडी घेऊन जाणाऱ्याला त्या पुरतात अडवायला.

परवा त्या क्षेत्रावरच्या स्वयंपाकाच्या ताईंचा फोन आला. त्या रात्रीपासून आमची ओळख टिकली आहे. त्यांनी ट्रस्टींना सांगून ठेवलं होतं म्हणे. आता रोज साडेचारपासून सूर्यास्तापर्यंत त्या गेटापाशी किल्लीसह एक मुलगा बसणार आहे, धर्मशाळेतून येणाऱ्या वृद्धांना आत घ्यायला. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आता तुझा नकाशा चुकला की गं." खरंच चुकला. मुलाला विचारलं, वृद्धांपुरतं उघडं दार कसं लिहायचं. तो म्हणाला, तशी चिठ्ठी त्याने कुठे पाहिलेली नाही. रविवारी तो घरी येणार आहे, तेव्हा बसून बघू.